पुनर्वसूचं वाहन बेडूक

पैज जेवणाच्या ताटावर लागली. माझी भाची साताऱ्याकडच्या डोंगरात बेडूक मोजायचं काम करते. मोजायचं म्हणजे खरंच मोजायचं. रात्री डोक्याला बॅटरी बांधून ओढ्याच्या कडेकडेनं चालायचं आणि दिसेल तो बेडूक वहीत लिहायचा. माझी बहीण म्हणते, एवढं एम. एस्सी. केलं, आता स्थळाला काय सांगू? तर ही जुलैच्या सुरुवातीला आमच्याकडं जालन्याला आली होती. वरण ओतून घेता घेता सहज बोलून गेली, "मराठवाड्यात रातबेडूक नाहीच गं मावशी."

मला ते लागलं. आमच्याकडं पाणी नाही, उद्योग नाहीत, हे आम्ही ऐकून घेतो. आता बेडूकसुद्धा नाही? म्हटलं, गौताळ्याला असेल की. डोंगर आहे, जंगल आहे, धबधबे आहेत. ती म्हणाली, नसणार. नवरा म्हणाला, हरेल त्यानं शेवभाजी द्यायची. मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं, तर यंदा पुनर्वसू नक्षत्राचं वाहन बेडूक. यापेक्षा चांगला शकुन तो कोणता!

रातबेडूक हा आमचा घरगुती शब्द. शास्त्रात या वंशाचं नाव निक्टिबॅट्रॅकस. ग्रीक भाषेत निक्स म्हणजे रात्र आणि बॅट्राकोस म्हणजे बेडूक, म्हणजे तिकडंही अर्थ तोच. जगात हा वंश फक्त पश्चिम घाटात आहे. तीसच्या वर जाती, बहुतेक डोंगरातल्या थंड, सावलीच्या ओढ्यांना धरून राहणाऱ्या, आणि त्यातल्या कितीतरी धोक्यात. हे सगळं मला त्या जेवणाच्या वेळी माहीत नव्हतं, नाहीतर पैज लावली नसती.

दिवस पहिला : जालना ते कन्नड

सातला निघायचं ठरलं होतं, साडेआठ वाजले. कारण भाचीनं अंगणात बूट धुवायला काढले. बादलीत ब्लिचिंग पावडर कालवली आणि तळव्याच्या खाचांतली माती दात घासायच्या ब्रशनं काढत बसली. नवरा गाडी चालू करून वैतागला होता. "अगं, चिखलातच जायचंय ना आपल्याला? मग आधी कशाला धुतेस?"

"काका, साताऱ्याचा चिखल कन्नडला न्यायचा नाही. आणि कन्नडचा साताऱ्याला तर मुळीच नाही."

मग कळलं. बेडकांच्या कातडीवर कायट्रिड नावाची एक बुरशी पडते. बेडूक कातडीनं श्वास घेतो, पाणीही कातडीनंच शोषतो, अंगातल्या क्षारांचा हिशेबही कातडीच ठेवते. बुरशीनं तो हिशेब बिघडला की हृदय बंद पडतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांना ही बुरशी कळली, तोवर देशोदेशीच्या डोंगरांतले बेडूक गुपचूप नाहीसे होत होते. २०१९ मध्ये जगभरचा हिशेब मांडला गेला : या रोगानं ५०१ जातींची संख्या घटली, त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. सह्याद्रीतल्या बेडकांवरही ही बुरशी सापडलेली आहे. तिकडं अजून तसा कहर झालेला नाही. 'अजून' हा शब्द भाचीनं ब्रश थांबवून उच्चारला. नवऱ्यानं काही न बोलता आपले सँडल बादलीशी आणून ठेवले.

जालना ते संभाजीनगर साठ किलोमीटर, पुढं कन्नडही जवळपास तेवढंच. वेरूळला थांबलो नाही, लेणी काही पळून जात नाहीत. दोन्ही बाजूंना कापूस, मका आणि कन्नड जवळ येईल तसतसं अद्रक. मृग कोरडा गेला होता, आर्द्रात दोन पाऊस झाले तेवढ्यावर लोकांनी पेरलं, आणि आता आठ दिवस आभाळ नुसतं येत होतं नि जात होतं. पिकं वीतभर, दुपारी माना टाकलेली. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "कुठं चालू राहिले?" नवरा म्हणाला, बेडूक बघायला. तो माणूस हसला नाही. म्हणाला, "मंग इकडं कशाला आले? पाऊसच नाही तर बेडूक कुठून दिसंल!"

लॉजवर फोनवरून सांगून ठेवलेली खोली भलत्यालाच देऊन झाली होती. दुसरी मिळाली तिच्या न्हाणीघरात दिवा नव्हता. मी मोबाइलच्या उजेडात हातपाय धुवायला गेले आणि किंचाळले. बादलीच्या वर, फरशीच्या भिंतीला, काहीतरी चिकटलेलं होतं. भाची धावत आली ती आनंदानं.

झाडबेडूक. बोटांच्या टोकांना चकत्या, त्या चकत्यांवर सगळा भार टाकून उभ्या भिंतीवर चहाच्या रंगाचं अंग टेकवून निवांत बसलेला. मांड्यांच्या आतल्या बाजूला पिवळे ठिपके. गळ्याखालची कातडी सारखी लपलप हलत होती. "हात नको लावूस. डोळ्यात बघ," भाची म्हणाली. तिनं बॅटरी तिरकी धरली. सोनेरी बुबुळ आणि मधोमध काळी बाहुली. ती बाहुली गोल नव्हती. आडवी होती, बोराच्या बीसारखी. "हे लक्षात ठेव. रातबेडकाची बाहुली चौकटच्या पत्त्यासारखी असते. उद्या तुला काहीही सापडलं तरी आधी डोळा बघायचा. आडवी बाहुली म्हणजे तू हरलीस."

रात्रभर तो तिथंच होता. मी तांब्या घेऊन दोनदा जाऊन आले, तो हलला नाही. पहाटे खिडकीच्या फटीतून गेला असावा.

दिवस दुसरा : गौताळा

नाक्यावर पावती फाडली, प्लास्टिकच्या पिशव्या तपासून घेतल्या. गौताळा औट्रम घाट अभयारण्य १९८६ चं. साधारण २६० चौरस किलोमीटर, बहुतेक आमच्या शेजारच्या संभाजीनगर जिल्ह्यात आणि थोडं खाली जळगावकडं उतरलेलं. औट्रम हा इंग्रज अधिकारी, भिल्ल पलटणीचा. गौतम ऋषीचं नाव जंगलाला आणि साहेबाचं घाटाला, अशी वाटणी झालेली आहे.

साग, सालई, धावडा, पळस. दोन पावसांवर पालवी फुटलेली, पण जमीन अजून तडकलेली. नाक्यावरच्या वनरक्षकानं आमची चौकशी केली. "काय शोधू राहिले, ताई?" भाचीनं सांगितलं. त्याला बेडकांत रस नव्हता, त्याला वाघाचं सांगायचं होतं. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत इथं आला. शेतं, नद्या, डांबरी रस्ते, सगळं ओलांडून, शेकडो किलोमीटर. "त्याला कोनी आणलं नाही, बरं का. आपल्या पायानं आला." मी भाचीकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. वाघ येऊ शकतो तर बेडूक का नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला सीता न्हाणीपाशी मिळालं. तिथं धबधब्याच्या जागी काळ्या कड्यावरून पाण्याची एक दोरी लोंबत होती. खाली डोह होता, त्यात पाणबेडूक होते. आपण पाऊल टाकलं की पाण्याच्या पाठीवरून टपटप उड्या मारत पलीकडं जाणारे, लहानपणी आपण खापऱ्यांच्या भाकऱ्या करायचो ना, तसे. भाचीनं सात मोजले, वहीत लिहिले. मग आम्ही ओढ्यानं वर चढलो. दगड उलटायचे नाहीत, पानं विस्कटायची नाहीत, फक्त वाकून बघायचं, असा नियम. दोन तासांत माझ्या कमरेनं राम म्हटला. एक खेकडा, दोन सरडे, गोगलगाईंची शंखुली. रातबेडूक नाही.

खडकावर बसून डबा सोडला. भाची म्हणाली, "मावशी, आपण बसलोय ना, तो दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. लाव्हाचा. आणि रातबेडकांचं घराणं सात-आठ कोटी वर्षांचं."

मी पोळीचा घास हातात धरून तशीच राहिले. म्हणजे हा डोंगर व्हायच्या आधीपासून तो आहे. आपल्या भूमीचा तुकडा आफ्रिकेपासून सुटून आशियाकडं सरकत होता तेव्हा या घराण्याचे पूर्वज त्यावर बसलेले होते. मग लाव्हा आला, वेरूळ-अजिंठ्याचा सगळा काळा दगड त्यातून झाला, आणि हे त्यातूनही कुठंतरी दक्षिणेच्या ओल्या कोपऱ्यात तगले. नवरा म्हणाला, "आपल्या सातबाऱ्यापेक्षा जुनं प्रकरण दिसतंय."

"तगले, पण एका अटीवर," भाची म्हणाली. अट म्हणजे ओल. हुमायूनचा रातबेडूक महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत सापडतो. १९५५ मध्ये त्याची नोंद झाली, नाव मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्यावरून. त्याचा नर ओढ्यावर झुकलेल्या पानावर बसून हाक मारतो. मादी आली की तो तिच्या पाठीवर चढतो, पण बाकीच्या बेडकांसारखा तिला कवटाळत नाही. हात पानावर टेकवतो. आपलं काम करून उतरून जातो, आणि मादी त्यानंतर अंडी घालते. बेडकांच्या मीलनाचे सहा प्रकार माहीत होते, हा सातवा निघाला, आणि तो जगापुढं आला २०१६ मध्ये. अंडी पानावर, खाली ओढा. पिल्लं तयार झाली की टपकन पाण्यात पडतात आणि पुढचं बेडूकमाशाचं आयुष्य ओढ्यात काढतात. म्हणजे पानही ओलं हवं आणि खाली पाणीही वाहतं हवं. दोन्हींतलं एक चुकलं तरी पिढी गेली.

आणि मग तिनं कुंभाराची गोष्ट सांगितली, जी मला सगळ्यात आवडली. उत्तर कन्नड जिल्ह्यात या वंशातला एक बेडूक आहे, नाव कुंभारा. २०१४ मध्ये जगाला कळला. मादी दोन हातांवर उलटी उभी राहून काटकीवर अंडी चिकटवते. ती गेली की नर ओढ्याच्या काठचा चिखल हातांनी उचलतो आणि मागच्या पायांवर उभा राहून अंड्यांना लिंपतो. ओंजळ-ओंजळ, पुन्हा पुन्हा. आपल्या गावचा कुंभार रांजणाला फिरवतो तसा हात. अंडी सुकू नयेत, कुणाला दिसू नयेत, म्हणून असावं. कन्नड तालुक्यात बसून कानडी कुंभाराची गोष्ट ऐकताना नवऱ्यालाही शेवभाजीचा विसर पडला.

"मग वाघाचं काय?" मी विचारलंच.

"वाघाला वाटेत पाणी प्यावं लागतं. याला वाटच पाण्याची लागते. सह्याद्रीपासून इथवर मधे किती कोरडी गावं आहेत सांग."

मी मनात मोजायला घेतली. नाशिक जिल्ह्याचा पूर्व भाग, येवला, वैजापूर, गंगापूर. उन्हाळ्यात टँकर चालतात ती सगळी. जिथं माणसाला टँकर लागतो तिथून अंगठ्याएवढा बेडूक कसा चालत येणार? आणि या वंशातले काही तर अंगठ्याएवढेही नाहीत. २०१७ मध्ये सोनाली गर्ग, एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी दक्षिण घाटातून एकदम सात नव्या जाती नोंदवल्या. त्यातले चार इतके बारके की पाच रुपयांच्या नाण्यावर बसून कड उरेल. आवाज किड्यासारखा, म्हणून इतकी वर्षं लोकांनी किडाच समजला. काही जाती एखाददुसऱ्या डोंगरापुरत्याच. पलीकडच्या डोंगरावर दुसरी जात, कारण मधली खिंड उतरून जायची सोय नाही. असा बेडूक असलेल्या ओढ्यावर कुणी रस्ता काढला, रिसॉर्टसाठी पाणी वळवलं, वरचं झाड तोडून ऊन आत आणलं, की तिथून उठून दुसरीकडं जावं हे त्याला जमतच नाही. बाकी जगातही उभयचरांचं काही बरं चाललेलं नाही. तपासलेल्या जातींपैकी दर पाचांतल्या दोन धोक्यात आहेत, पक्षी, सस्तन किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांपेक्षा जास्त.

दिवस मावळायच्या आत आम्ही जंगलातून बाहेर पडलो. संध्याकाळी हद्दीबाहेरच्या रस्त्यावर तासभर बॅटरी घेऊन हिंडलो. एक भेक, खड्ड्याच्या कडेला, सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा बसलेला. बाहुली आडवी.

दिवस तिसरा : पितळखोरा, आणि पाऊस

पितळखोऱ्याला सकाळी गेलो. रेलिंगला धरून पायऱ्या उतरायच्या, मग घळीच्या तळाशी ओढा आणि दोन्ही अंगांना लेणी. इसवी सनाच्या आधीची, वेरूळपेक्षा कितीतरी जुनी. दगड ठिसूळ, बरंच ढासळलेलं. पण हत्तींची ओळ अजून जागेवर आहे. इथं खणताना एक यक्ष सापडला होता, तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर पात्र धरून तोंडभर हसणारा. मी त्याचा फोटो पाहिलेला आहे. हातावर लेख आहे : कण्हदास नावाच्या सोनारानं केला. भाचीनं मोबाइलवर तो फोटो बघितला आणि म्हणाली, "हा तर आपला ढोल्या बेडूक!" थोडं अपमानास्पद, पण खोटं नाही.

सगळ्यात मोठा प्रसंग त्यानंतर घडला. ओढ्याच्या कडेनं धवलतीर्थाच्या दिशेला थोडं पुढं गेलो होतो. कड्यातून पाणी झिरपत होतं, खाली नेच्याची पानं, शेवाळ, दुपारी बारालासुद्धा अंधूक. मला म्हणाल तर सह्याद्रीच. आणि तिथं, ओल्या दगडाच्या खोबणीत, करंगळीच्या पेरापेक्षा जरा मोठा, मातकट, पाठीवर सुरकुत्याच सुरकुत्या असलेला एक बेडूक बसला होता. सुरकुत्या! रातबेडकाची कातडी सुरकुतलेली असते, हे भाचीनंच तर कालपासून चारदा सांगितलं होतं. मी श्वास रोखून तिला खुणेनं बोलावलं. तीही थबकली. खरं सांगते, तिचाही चेहरा बदलला. ती पोटावर झोपली. त्या चिखलात, नव्या रेनकोटसकट. कोपरावर कोपर टेकत हातभर अंतरावर गेली. नवऱ्यानं शिंक दाबली.

बॅटरी पेटली. बेडूक हलला नाही. मला मागून काहीच दिसत नव्हतं, फक्त तिचे बूट दिसत होते, तळव्याच्या खाचांत पुन्हा माती भरलेली.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आडवी."

शेतबेडूक. भाताच्या खाचरापासून गटारापर्यंत कुठंही सापडणारा. पाठीवर त्यालाही उभ्या वळ्या असतात, त्या अंधारात मला सुरकुत्या वाटल्या. मी हरले. पण मला जास्त आठवतं ते हे, की भाची चिखलातून उठली तेव्हा तिलाही वाईट वाटलेलं होतं. इथं नसणार हे ज्या मुलीला पक्कं ठाऊक होतं, तिलाही क्षणभर असावा असं वाटून गेलं.

दुपारी चारनंतर आभाळ फाटलं. कन्नडकडं परतताना काचेवरचे वायपर कमी पडायला लागले, तेव्हा रस्त्याकडेच्या एका शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली गाडी घातली. तिथं एक आबा, त्यांची सून आणि दोन शेळ्या आधीच उभ्या होत्या. पत्र्यावर एवढा आवाज की दीड तास कुणी कुणाशी बोललं नाही. सुनेनं चुलीवर कोरा चहा केला. आबा बाहेर अद्रकाच्या वाफ्यांकडं बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण पायाचा अंगठा तालात हलत होता.

पाऊस ओसरला आणि अंधार पडला, आणि मग सुरू झालं. आधी एक. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसा करकर आवाज. मग दहा. मग बांधापलीकडून जाड डराव, डराव. मग कुठून तरी 'आवंग, आवंग'. दहा मिनिटांत कानठळ्या बसल्या. आम्ही आलो तेव्हा त्या शेतात एकही बेडूक नव्हता याची मी शपथ घेतली असती.

भाची बॅटरी घेऊन वाफ्यांत शिरली, आबांना विचारून. "रोपाला पाय लागू देऊ नका बरं," एवढंच ते म्हणाले. मीही गेले. वाफ्याच्या कडेला माती हलत होती. अक्षरशः. ढेकूळ वर उचललं गेलं आणि त्याखालून एक डोकं आलं. लिंबाएवढा गोल, आखूड नाकाचा, मान नसल्यासारखा. डोळ्यांवर माती. त्यानं पुढच्या पायानं एक डोळा पुसला, झोपेतून उठलेलं पोर पुसतं तसा. मग दुसरा. थोडा वेळ नुसता बसून राहिला, बाजू आत-बाहेर होत होत्या. आणि एक उडी मारून पाण्याकडं गेला.

"पायाला खोरं असतं याच्या," भाची कुजबुजली. मागच्या पायाच्या तळव्याला कडक उंचवटा असतो, त्यानं हा उलटा खणत जातो. तोंड वर, ढुंगण खाली, स्वतःभोवती फिरत, आणि वरून माती आपोआप बंद होते. मग पाऊस येईपर्यंत आतच. आबा मागून येऊन उभे राहिले होते. "नांगरताना निघतो हा ढेकळासंगं. आमी परत बुजवून टाकतो. लहानपणी धोंडी काढायचो तव्हा यालाच बांधायचो कडुनिंबाच्या डहाळीला. आता वाटतं, उगाच छळलं."

नवरा लातूरचा. तो एवढा वेळ गप्प होता. तिथंच बांधावर उभा राहून म्हणाला, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा त्याची आई नंबर लावून घागरी भरायची. विहिरी, बोअर, मांजरा धरण, सगळं ठणठणीत. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या रात्री गल्लीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये बेडकांनी झोपू दिलं नाही. "तेव्हा आई म्हणाली होती, हे मेले नव्हते का रे? कुठं होते एवढे दिवस?"

कुठं म्हणजे पायाखाली. लोक स्टेशनवर गाडीची वाट बघत होते आणि हे खाली वाट बघत होते. मी भाचीला विचारलं, मग तुझ्या रातबेडकाला हे का जमत नाही? ती म्हणाली, "गरजच पडली नाही ना कधी. कोट्यवधी वर्षं ओढा वाहताच होता. आता वाहायचा थांबला तर तो शिकायला कुठं जाणार?" आणि वहीत 'मुरूमबेडूक, १४' असं लिहून पुढच्या वाफ्याकडं गेली. मुरूमबेडूक हे नाव तिनं तिथंच पाडलं, लॅटिन नाव कंसात लिहिलं.

शेवभाजी मी दिली. घाटाच्या तोंडाशी एका ढाब्यावर, रात्री साडेदहाला, तिघांचे कपडे चिखलानं माखलेले. रस्सा असा तिखट की भाचीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला बरं वाटलं.

दिवस चौथा : परत

सकाळी निघताना रस्त्याच्या कडेच्या चारीत पिवळंजर्द काहीतरी दिसलं. मला वाटलं कुणी प्लास्टिक टाकलंय. मोठे बेडूक होते, बारा-पंधरा, सगळे नर. एरवी शेवाळी रंगाचे, पण पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-चार दिवस असे हळद लागल्यासारखे पिवळे होतात, आणि ओरडताना गालांखाली दोन गर्द निळे फुगे फुगतात. मादी मात्र साधीच, मातकट. एकमेकांच्या अंगावर पडत, ढकलाढकली करत नवरदेवांचा नुसता गोंधळ चालला होता. एकेकाळी यांच्याच तंगड्या परदेशी जायच्या. १९८७ मध्ये सरकारनं निर्यात बंद केली, नाहीतर ही वरात आम्हाला दिसती ना.

दोन मोटरसायकलवाले थांबले, आम्ही काय बघतोय ते बघायला. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि गेले. नवऱ्यानं तीन वेळा हॉर्न वाजवला तेव्हा भाची गाडीत बसली.

भाची दुपारच्या बसनं जालन्याहून गेली. जायच्या आधी अंगणात पुन्हा बादली, पुन्हा ब्लिचिंग पावडर. या वेळी तिच्याआधी नवऱ्यानंच सँडल घासायला घेतले. ताईसाठी मी अद्रक दिलं, आबांनी मूठभर काढून दिलेलं. अजून कोवळं होतं, सालही धरलेली नव्हती.

रात्री जालन्यातही पाऊस झाला. साडेअकराला जाग आली तर नवरा अंथरुणात नव्हता. मागच्या दाराचा कडीकोयंडा उघडा. मी जाऊन पाहिलं. बनियनवर, छत्री काखेत, हा माणूस मोरीच्या दगडाशी उकिडवा बसला होता. समोर आमचा नेहमीचा जाडा भेक, जो गेली तीन वर्षं त्या दगडाखाली राहतो आणि ज्याला यानं एकदा झाडूनं हाकललेलं आहे. मोबाइलचा उजेड तिरका धरून याचं तोंड त्याच्या तोंडापाशी गेलेलं.

"आडवीच आहे," मला बघून तो म्हणाला. "पण जरा तुझ्या चष्म्यातून बघू दे."